ओल्ड सेरम : मेलेले बिशप खाली आले, खासदारकी वरच राहिली

चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. मतदानाच्या हक्काचा धडा आला की फळ्यावर एक नाव हमखास लिहायचो : ओल्ड सेरम. दक्षिण इंग्लंडमधली एक ओसाड टेकडी, वर राहतं घर एकही नाही, आणि तरी पार्लमेंटमध्ये तिचे दोन खासदार. मुलं हसायची आणि मग कुणीतरी विचारायचंच, "सर, मग मतं कोण द्यायचं?" मी पुस्तकातलं उत्तर द्यायचो, पण त्याने माझंच समाधान व्हायचं नाही. यंदा जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे साउदॅम्प्टनला गेलो. नकाशा उघडून पाहतो तर सॉल्सबरी शहर रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर आणि ती टेकडी शहरापासून तीन किलोमीटरवर. ही नातवापाशी राहिली. लेकीने मला दोन रात्रींची खोली ठरवून दिली, डब्यात थालीपिठं दिली आणि मी निघालो.

पहिला दिवस, मंगळवार

गाडी सॉल्सबरीत शिरण्याआधीच कॅथीड्रलचा कळस दिसू लागतो. १२३ मीटर उंच, ब्रिटनमधला सर्वांत उंच. शहरात कुठेही वळा, तो गल्लीच्या टोकाला उभा असतो.

मला टेकडी बघायची होती, पण सुरुवात या कॅथीड्रलपासून केली आणि ते बरं झालं. मूळ कॅथीड्रल वर टेकडीवर होतं. १२२० साली बिशप रिचर्ड पूअर याने खाली नदीकाठच्या सपाटीवर नव्याचा पाया घातला. १२५८ साली मुख्य इमारत पुरी झाली आणि तिच्याभोवती आखीव रस्त्यांचं नवं शहर वसलं. जुनं सेरम वर, नवं सेरम खाली. सॉल्सबरीचं सरकारदरबारी नाव २००९ पर्यंत ‘न्यू सेरम’ असंच होतं.

आत गेल्यावर मी तीन थडगी शोधत होतो. ऑस्मंड, रॉजर आणि जोसेलिन हे तिघेही टेकडीवरच्या कॅथीड्रलचे बिशप. तिघेही वरच पुरले गेले. १२२६ साली त्यांचे अवशेष उकरून खाली आणले आणि इथे पुन्हा पुरले. एका दगडावर १०९९ हे साल कोरलेलं आहे, ते ऑस्मंडच्या मृत्यूचं. मी बराच वेळ त्या दगडापाशी उभा होतो. मेलेली माणसंसुद्धा टेकडी सोडून खाली आली. खासदारकी मात्र कधीच खाली उतरली नाही.

चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरूंच्या सभागृहात, मॅग्ना कार्टा ठेवली आहे, राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी ती सनद. १२१५च्या ज्या चार प्रती उरल्या त्यांतली ही उत्तम राहिलेली. एवढंसं कातडं, त्यावर मुंगीच्या पावलांची अक्षरं. वर्गात इतक्या वेळा नाव घेतलेली वस्तू हातभर अंतरावर होती. पहिल्या फेरीने मन भरलं नाही, म्हणून रांगेत पुन्हा उभा राहिलो.

संध्याकाळी कॅथीड्रलच्या आवाराच्या तटाकडेने चाललो. १३३१ साली राजा तिसऱ्या एडवर्डने टेकडीवरच्या जुन्या कॅथीड्रलचा दगड वापरायची परवानगी दिली आणि त्यातून हा तट उभा राहिला. साध्या घडीव दगडांत मध्येच एखादा नक्षीचा तुकडा दिसतो, कुठे फूल तर कुठे वेलबुट्टी. एखाद्या वाड्याच्या भिंतीत पडक्या देवळाची शिळा बसवलेली आपण पाहतो ना, तसंच.

दुसरा दिवस, बुधवार

सकाळी बसने कासल रोडवर उतरलो. तिथून टेकडीपर्यंत थोडी चढण. पावसाचं चिन्ह नव्हतं, पण वारा असा की टोपी हातात धरूनच चालावं लागलं.

गडकिल्ले पायाखालून गेलेल्या माणसाला इथली रचना चटकन समजते. सर्वांत बाहेर मातीचा प्रचंड बांध आणि खंदक. ते काम लोहयुगातलं, इसवीसनापूर्वी सुमारे ४०० वर्षांचं. आत मोठं गवताळ पटांगण, ती माची समजा. मधोमध आणखी एक खोल खंदक आणि त्यात उंच केलेलं गोल थळ, तो बालेकिल्ला, नॉर्मन राजवटीत बांधलेला. लाकडी पुलावरून खंदक ओलांडला की आत जाता येतं. भिंतींचा घडीव दगड केव्हाच काढून नेलेला आहे. आठव्या हेन्रीने १५१४ साली किल्ल्याचा दगड देऊनच टाकला. आता उरलेत ते चुन्यात बसवलेल्या गारगोट्यांचे ओबडधोबड गाभे, सोललेल्या कणसासारखे.

एके काळी या जागेचा दबदबा होता. विल्यम द कॉन्कररने इंग्लंड जिंकल्यावर १०७० साली आपल्या सैन्याचा हिशेब चुकता करून त्याला मोकळं केलं ते इथेच. १०८६च्या ऑगस्टमध्ये देशभरचे मोठे जमीनदार त्याने इथे बोलावले आणि त्यांच्याकडून निष्ठेची शपथ घेतली. दुसऱ्या हेन्रीने आपली राणी एलिनॉर हिला इथे नजरकैदेत ठेवलं होतं. आणि माचीच्या एका कोपऱ्यात कॅथीड्रल होतं. त्याचा आराखडा आज गवतात आखून ठेवला आहे. त्यावरून चालत मी लांबी-रुंदी पावलांनी मोजली. १०९२ साली त्याचा अभिषेक झाला आणि पाचव्याच दिवशी वादळात त्याची मोडतोड झाली.

धर्मगुरू टेकडी का सोडून गेले, हे पोप तिसऱ्या होनोरियसच्या १२१९च्या परवानगीपत्रावरून कळतं. वाऱ्यापुढे एकमेकांचं गाणं ऐकू येत नाही, पाणी विकत आणावं लागतं, खडूच्या पांढऱ्या जमिनीने डोळे दिपतात, आणि किल्लेदाराच्या परवानगीशिवाय आत-बाहेर करता येत नाही. आठशे वर्षांनी त्याच वाऱ्यात उभं राहून मला त्यातली पहिली तक्रार शब्दशः पटली. फोनवर लेकीशी बोलत होतो तर ती म्हणाली, "बाबा, नुसता घोंघाट येतोय, नंतर करा."

इथे मला माझी एक चूकही दुरुस्त करायची आहे. मी वर्गात सांगायचो की गाव मोठं होतं तेव्हा खासदारकी मिळाली आणि गाव उठल्यावर ती तशीच राहिली. सालं नीट लावली तर तसं दिसत नाही. सेरमने प्रतिनिधी पाठवले ते १२९५च्या पार्लमेंटला, म्हणजे नव्या कॅथीड्रलचा पाया घातल्यानंतर पंचाहत्तर वर्षांनी. किल्ला होता, थोडी वस्ती होती, पण ओघ खाली वाहू लागला होता. चौदाव्या शतकापासून टेकडीचे दोन खासदार नेमाने जाऊ लागले आणि वस्ती त्याच काळात विरत गेली. १६६८ साली सॅम्युएल पेपिस रात्रीच्या अंधारात इथे एकटाच वर चढला, तेव्हा या ओसाड तटांमध्ये आपण घाबरून गेलो असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय. त्या रात्रीही या टेकडीचे दोन खासदार होतेच.

आता मुलांचा प्रश्न. मतं कोण द्यायचं?

त्या काळी इंग्लंडमध्ये प्रत्येक गावाचा मतदानाचा नियम वेगळा होता. कुठे कर भरणाऱ्याला मत, कुठे नगरपालिकेच्या सभासदांना. ओल्ड सेरममध्ये मत होतं ‘बर्गेज’ला, म्हणजे जुन्या गावठाणातल्या ठरावीक प्लॉटला. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव ज्याचं, मत त्याचं. त्या प्लॉटवर घर असायची गरज नाही, माणूस राहायची तर नाहीच. त्यामुळे ज्याने सगळे प्लॉट घेतले, त्याच्या खिशात मतदारसंघ. निवडणूक आली की मालक एकेक प्लॉट आपल्या विश्वासातल्या माणसाच्या नावे करून द्यायचा. तो मतदार व्हायचा, मत द्यायचा आणि कागद परत करायचा. अगदी शेवटी, १८३१ साली, इथे अकरा मतदार होते आणि अकराही जण दुसरीकडे राहणारे. निवडणूक घेणारा अधिकारी होता जहागिरीचा बेलिफ, म्हणजे कारभारी, आणि त्याला नेमणार जहागिरीचा मालक.

हे वाचलेलं होतं. पण त्या रिकाम्या माचीवर, पायाखाली गवत आणि समोर लांबवर नव्या शहराचा कळस अशा जागी उभं राहून आठवलं तेव्हा राग आला. मी दहा-बारा निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय. एकदा कोयनेच्या पलीकडे, कांदाटी खोऱ्यातल्या एका वाडीवर नेमणूक होती. पेट्या घेऊन शिवसागर जलाशय लाँचने ओलांडला, पुढे दोन तास चढण चढलो. यादीत शंभराच्या आत नावं. कुणीच थकल्याचं बोललं नाही, कारण मतदार जिथे राहतो तिथे केंद्र नेलं पाहिजे, एवढं साधं तत्त्व होतं. परतताना लाँचवाल्याने पाण्याकडे बोट करून सांगितलं, इथे खाली माझ्या आज्याचं गाव आहे. ते गाव धरणात गेलं तेव्हा माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे पांगली. यादीत नाव चढवायला काहींनी वर्षानुवर्षं खेटे घातले. पण मत गेलं ते माणसाबरोबर. बुडालेल्या शिवारातले प्लॉट दाखवून कुणी आमदार झाला नाही.

विल्टशायर या एका परगण्याचे १८३२ पूर्वी ३४ खासदार होते. परगण्याचे दोन, आणि सोळा गावांचे प्रत्येकी दोन. पायथ्याच्या सॉल्सबरी शहराला दोन, वरच्या रिकाम्या टेकडीला दोन. त्याच वेळी कापसाच्या गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही नव्हता. बर्मिंगहॅम, लीड्स, शेफील्ड यांनाही नाही. १८१९ साली मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानात हक्क मागायला जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ घातलं गेलं, माणसं मेली. हे दोन आकडे आणि हे एक मैदान मी कायम एकाच तासाला शिकवायचो. पुन्हा शिकवायला मिळालं तर पुन्हा तसंच शिकवीन.

उतरताना पायीच शहरात आलो. तीन किलोमीटर, उताराचे.

तिसरा दिवस, गुरुवार

नदीकाठाने स्ट्रॅटफर्ड सब कासलकडे. हे छोटं गाव टेकडीच्या पश्चिम पायथ्याशी आहे. निवडणूक होत असे ती टेकडी आणि या गावाच्या मधल्या शेतात, एका एल्म वृक्षाखाली. लोक त्याला ‘पार्लमेंटचं झाड’ म्हणत. जवळच तंबू ठोकायचे. १७२९ सालचा लाचलुचपतीविरुद्धचा कायदा प्रत्येक निवडणुकीत आधी मोठ्याने वाचायचा असा नियम होता, म्हणजे तो या शेतातही वाचला जायचाच. संबंध मतदारसंघच विकत घेतलेला, आणि मत विकू नका असा कायदा त्याच मालकाच्या बेलिफाच्या तोंडून. झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेलं. मी गेलो तेव्हा शेतात पीक कमरेइतकं वाढलेलं होतं आणि एक बाई कुत्र्याला घेऊन बांधावरून चालली होती. मी विचारलं तर तिने हातानेच साधारण दिशा दाखवली.

गावातल्या सेंट लॉरेन्स चर्चच्या मनोऱ्यावर अक्षरं आहेत : टॉमस पिट, दाता, आणि साल १७११. ही अक्षरं पाहायला मी मुद्दाम आलो होतो, कारण इथून गोष्ट थेट आपल्याकडे येते.

टॉमस पिट हा ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसताना बंगालच्या किनाऱ्यावर चोरटा व्यापार करणारा माणूस. कंपनीने त्याला पकडलं, दंड केला, आणि शेवटी आपल्यातच घेतलं. १६९८ ते १७०९ तो मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. तिथे जमचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून त्याने ४१० कॅरटचा कच्चा हिरा २०,४०० पौंडांना घेतला. पैलू पाडून १४१ कॅरटच्या आसपास उरलेला तो हिरा १७१७ साली फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला १,३५,००० पौंडांना विकला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. याच पैशातून पिटने ओल्ड सेरम घेतलं असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. सेरमची जहागीर त्याने अर्ल ऑफ सॉल्सबरीकडून १६९१ सालीच घेतली होती. हिऱ्याच्या नफ्यातून घेतली ती कॉर्नवॉलमधली बोकोनॉकची इस्टेट. पण याने मूळ मुद्दा मऊ होत नाही. हिऱ्याआधीचा पैसाही हिंदुस्थानच्या व्यापारातलाच होता. बालासोरच्या किनाऱ्यावर कमावलेल्या पैशातून विल्टशायरमधली एक रिकामी टेकडी विकत घेतली गेली, आणि टेकडीबरोबर इंग्लंडचे कायदे करणाऱ्या सभागृहातल्या दोन जागा.

त्या जागा घरातच राहिल्या. टॉमस स्वतः खासदार झाला, मुलगा रॉबर्ट झाला, आणि १७३५ साली नातू विल्यम, जो पुढे अर्ल ऑफ चॅटम आणि पंतप्रधान झाला. बारा वर्षं तो ओल्ड सेरमचा खासदार होता. त्याच विल्यमने १७६६ साली, अमेरिकेवरच्या स्टॅम्प कराच्या वादात, भर सभागृहात सांगितलं की असे मतदारसंघ हा राज्यघटनेचा सडका भाग आहे, तो शंभर वर्षं टिकणार नाही, आणि आपोआप गळून पडला नाही तर कापून काढावा लागेल. ज्या फांदीवरून वर चढला तिच्याविषयी तो हे बोलला, आणि मला त्याबद्दल त्याचा आदर वाटतो. त्याच्या मुलाने, धाकट्या पिटने, १७८५ साली असे ३६ मतदारसंघ मालकांना भरपाई देऊन बंद करायचा प्रस्ताव आणला. तो १७४ विरुद्ध २४८ मतांनी पडला. त्याच्या आदल्याच वर्षी या धाकट्या पिटच्या नावाचा हिंदुस्थानविषयक कायदा मंजूर झाला होता, कंपनीच्या कारभारावर लंडनमध्ये नियंत्रण मंडळ नेमणारा. आपल्या शालेय पुस्तकांत असतो तोच. मद्रासच्या गव्हर्नराचा हा पणतू.

१८०२ साली पिट घराण्याने जहागीर विकली, गवताच्या टेकडीला कधी येणार नाही अशा भावाला. घेणारा अर्ल ऑफ कॅलेडन. त्याच्या बापाने संपत्ती जमवली होती ती बंगालमध्ये. पुढची दहा वर्षं इथून खासदार होता निकोलस व्हॅन्सिटार्ट, बंगालचा गव्हर्नर हेन्री व्हॅन्सिटार्ट याचा मुलगा, नंतरचा अर्थमंत्री. अगदी शेवटचे दोन्ही खासदारही कॅलेडनच्याच अलेक्झांडर घराण्यातले. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावरचा जरीपटका उतरला, त्या वेळी या शेतातून निवडलेले दोन जण लंडनच्या सभागृहात बसत होते. पुण्याच्या कुणाला त्या सभागृहात शब्द नव्हता. मँचेस्टरच्या विणकरालाही नव्हता. हे दोन्ही एकाच दमात सांगायचं मला वर्गात कधी सुचलं नाही, या बांधावर बसून थालीपीठ खाताना सुचलं.

जॉन हॉर्न टूकचं नाव इथे घेतलंच पाहिजे. मतदानाच्या सुधारणांसाठी झगडणारा, १७९४ साली त्यापायी राजद्रोहाचा खटला सोसून निर्दोष सुटलेला माणूस. १८०१ साली लॉर्ड कॅमलफर्ड या पिटवंशीय मालकाने त्यालाच ओल्ड सेरममधून पाठवलं. तो एके काळचा धर्मगुरू, म्हणून सरकारने धर्मगुरूंना खासदारकीची बंदी करणारा कायदाच आणला. म्हणजे मतदार नसलेली टेकडी चालत होती, तिच्यावरून आलेला सुधारक चालत नव्हता.

दुपारच्या गाडीने साउदॅम्प्टन. शुक्रवारी दिवसभर पाऊस लागला होता, टिपणं नीट केली, नातवाला शाळेतून आणलं.

चौथा दिवस, शनिवार

लेकीला सुट्टी. दोघं लंडनला, वेस्टमिन्स्टरला. शनिवारी पार्लमेंटची इमारत आतून बघता येते.

ओल्ड सेरमचे खासदार बसत ते सभागृह म्हणजे सेंट स्टीफनचं चॅपल. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी जुन्या हिशेबाच्या लाकडी पट्ट्या तळघरातल्या भट्टीत जाळताना आग लागली आणि ते खाक झालं. त्याच जागेवर आज सेंट स्टीफन्स हॉल आहे. जुन्या सभापतींची खुर्ची कुठे होती, टेबल कुठे होतं, तिथे जमिनीत पितळेच्या खुंट्या बसवल्या आहेत. येणारेजाणारे त्यांवर पाय देऊन पुढे जात होते. मी थांबलो. मार्च १८३१ मध्ये असे मतदारसंघ रद्द करणाऱ्या सुधारणा विधेयकाचं दुसरं वाचन याच जागेवर ३०२ विरुद्ध ३०१ मतांनी पार पडलं. एका मताने. मतमोजणीच्या टेबलावर एका मतासाठी फेरमोजणी केलेल्या माणसाला त्या आकड्याचं वजन कळतं. पुढे ऑक्टोबरात वरच्या सभागृहातल्या लॉर्डांनी विधेयक फेटाळलं, नॉटिंगहॅमचा वाडा जळला, ब्रिस्टल पेटलं, आणि अखेर ७ जून १८३२ रोजी कायदा झाला. ५६ मतदारसंघ साफ रद्द. त्या यादीत ओल्ड सेरम.

हॉलच्या दोन्ही बाजूंना पुतळे आहेत. त्यांत थोरला पिट आहे आणि धाकटाही. भिंतीवर मोठी चित्रं आहेत. एकात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो अजमेरच्या दरबारात जहांगीरपुढे उभा आहे. मी लेकीला टेकडी, हिरा, झाड, सातबारा सगळं त्या चित्राखाली उभं राहून सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला सांगायचं राहिलंच. गेल्या वर्षी मी पण मत दिलं."

मला आधी कळेना. तिचा पासपोर्ट भारतीय आहे.

"राष्ट्रकुलातल्या नागरिकांना चालतं. इथं राहायला कायद्याने परवानगी हवी आणि यादीत नाव हवं, बस. ४ जुलैला ऑफिसच्या आधी गेले. ओळखपत्र म्हणून आपलाच पासपोर्ट दाखवला, निळा. त्यांनी पत्ता विचारला, यादीत रेघ मारली आणि कागद दिला. आत दोरीला पेन्सिल बांधलेली होती."

"पेन्सिल?"

"हो, पेन्सिलीने फुली मारायची."

मी तिचा डावा हात हातात घेतला आणि तर्जनी बघितली. सवयीने. ती हसली आणि म्हणाली, "शाई नाही लावत हो इथं."